फाल्गुनातली पिल्लं
(प्रस्तावना)

दोन-चार एकरांचं वावर, घरामागं एक खुराडं, एक-दोन खुडूक कोंबड्या आणि माघ-फाल्गुनात त्यांच्या पंखाखाली वाढणारी दहा-बारा पिल्लं, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. कुक्कुटपालनावर मराठीत पुस्तकं पुष्कळ आहेत. त्यातली बहुतेक हजार-दोन हजार पक्ष्यांच्या शेडसाठी लिहिलेली आहेत. भांडवल किती लागतं, कर्ज कसं मिळतं, एक बॅच किती दिवसांत निघते, हे त्यांत नीट सांगितलेलं असतं. पण धान्य निवडून उरलेल्या कण्यांवर जिथं कोंबड्या वाढतात आणि पहाटे खुराड्याचं दार उघडून मग बाई चुलीकडं वळते, त्या घरासाठी फारसं लिहिलं गेलेलं नाही. हे पुस्तक त्या घरासाठी आहे.

ते घर हिंगणा तालुक्यातलं आहे. हिंगणा म्हटलं की नागपूरच्या माणसाला आधी एमआयडीसी आठवते. वानाडोंगरी, डिगडोह, निलडोह ही गावं आता शहराला लागूनच आहेत. जानेवारी 2020 पासून मेट्रो लोकमान्य नगरपर्यंत येते. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला, तोही याच तालुक्यातल्या शिवमडक्यापासून. जमिनीला भाव आला, कित्येकांची वावरं गेली. तरीही कान्होलीबाऱ्याच्या बाजूला निघालात की अजून कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्र्याचे बगीचे लागतात. इथल्या अनेक घरांत एक जण कंपनीच्या पाळीवर जातो आणि बाकीचे वावर पाहतात. महिन्याचा पगार आणि वर्षाचं पीक यांच्यामध्ये रोजच्या मीठ-मिरचीचा, वही-पेनाचा जो खर्च असतो, तो पुष्कळदा अंड्यांवर आणि दोन-चार कोंबड्यांवर निघतो.

हा जोडधंदा मागं पडलेला, संपत आलेला आहे असं शहरात बसून वाटतं. आकडे वेगळं सांगतात. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशात 85 कोटींहून जास्त कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यांतली जवळजवळ 31.7 कोटी परसातली होती आणि 2012 च्या तुलनेत ती सुमारे 46 टक्क्यांनी वाढली होती. व्यापारी फार्मवरच्या पक्ष्यांची वाढ त्याच काळात पाच टक्क्यांच्याही आत राहिली. म्हणजे परसातली कोंबडी वाढते आहे. वाढायला हवं ते तिच्याविषयीचं ज्ञान, आणि ते ज्यांच्या हाती पोचायला हवं त्या बहुतेक घरातल्या बाया आणि मुलं आहेत.

पुस्तकाचं नाव फाल्गुनावरून का ठेवलं, तेही सांगायला हवं. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. आमच्याकडं चैत्र लागेपर्यंत ऊन डोक्यावर चढलेलं असतं, म्हणून नागपूरकडचा खरा वसंत माघ-फाल्गुनाचा समजावा. हरभरा सोंगायला येतो, गहू पिवळा पडतो, संत्र्याच्या आंबिया बहाराच्या फुलांचा वास बांधापर्यंत येतो, टेकड्यांवर पळस पेटतो. रात्री अजून पांघरूण लागतं, दिवस उबदार असतो. कोंबडीच्या अंगातही याच दिवसांत बदल होतो. तिचं अंडी देणं दिवसाच्या लांबीवर चालतं. उजेड तिच्या डोळ्यांवाटे जातो, तसाच कवटीच्या पातळ हाडातूनही मेंदूपर्यंत पोचतो. नागपूरला डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. जूनपर्यंत तो साडेतेरा तासांच्या जवळ जातो. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळानं वाढू लागला की थंडीत मंदावलेली गावठी कोंबडी पुन्हा अंड्यावर येते, दहा-पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक बसते.

जुन्या बायांना हे सारं पुस्तकं न वाचताच ठाऊक होतं. वसंत पंचमीच्या मागंपुढं कोंबडी अंड्यांवर बसवायची, असा आमच्याकडच्या कितीतरी घरांचा रिवाज. त्यामागचा हिशेब मांडून पाहिला तर तो पक्का निघतो. अंडी उबायला 21 दिवस लागतात. वसंत पंचमी ते होळी हे अंतर 40 दिवसांचं. म्हणजे होळी पेटते तेव्हा पिल्लं सुमारे अडीच आठवड्यांची असतात. गुढीपाडव्याला ती पाच आठवड्यांची होतात. अक्षय तृतीयेला त्यांना नऊ आठवडे उलटलेले असतात, अंगावर पूर्ण पिसं आलेली असतात आणि आई त्यांना सोडून पुन्हा अंड्यावर आलेली असते. मे महिन्याचा नागपुरी उन्हाळा त्यांना गाठतो तोवर ती तो सोसण्याच्या वयाची झालेली असतात. पुढं आखाडात नर विकायला येतात आणि पोळ्याच्या सुमाराला, सहा महिन्यांच्या झालेल्या तरुण माद्या, म्हणजे तलंगा, पहिलं अंडं देतात. श्रावणात अंड्याला गिऱ्हाईक कमी असतं. तो सरला की मागणी वाढते आणि थंडीभर टिकते. नेमक्या त्याच वेळी घरात अंडी सुरू होतात. हीच पिल्लं चैत्राच्या शेवटी निघाली असती तर त्यांतली निम्मी-अर्धी उन्हानं नेली असती. म्हणून या पुस्तकातली सगळी कामं तारखांना जोडण्याऐवजी सणांना जोडली आहेत. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर राहते, सण घरातल्या प्रत्येकाच्या ध्यानात असतो.

आता अंड्याजवळ जाऊ. बसवायची अंडी आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, न धुतलेली असावीत. धुतलं की कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं आणि छिद्रांतून रोगजंतू आत शिरतात. टोपलीत राख, तिच्यावर तूस किंवा गवत आणि उवांसाठी कडुनिंबाचा पाला घालतात. कोंबडीच्या अंगाखाली दहा-बारा अंडी मावतात. लोभानं पंधरा-सोळा ठेवली की कडेची थंड पडतात. खुडूक कोंबडीच्या पोटाखालची पिसं झडून तिथली कातडी उघडी पडते आणि तीच कातडी अंड्याला भिडते. दिवसातून एकदा ती उठते, घाईनं दाणापाणी करते, विष्ठा टाकते आणि परत येते. चोचीनं ती अंडी पुन्हा पुन्हा फिरवत राहते, त्यामुळं आतला जीव कवचाला चिकटत नाही. सातव्या-आठव्या रात्री अंधारात अंड्यामागं टॉर्च धरला की फळलेल्या अंड्यात तांबड्या शिरांचं जाळं दिसतं. जे अंडं निव्वळ पिवळं आणि निर्मळ दिसतं ते वांझ. ते काढून घ्यावं. हे काम घरातल्या पोरांना द्यावं, असं मी मुद्दाम सुचवलं आहे. जीव कसा आकार घेतो हे त्या जाळ्यात जितकं स्पष्ट दिसतं तितकं पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत दिसत नाही.

एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी अंडं कानाला लावलं तर आतून चिवचिव ऐकू येते. पिल्लानं अंड्याच्या रुंद टोकाकडची हवेची पिशवी फोडून पहिला श्वास घेतलेला असतो. कोंबडी खालच्या आवाजात त्याला उत्तर देते. मग चोचीच्या टोकावरच्या पांढऱ्या टणक दाण्यानं पिल्लू आतून टोचे मारतं. कवचाला तारेसारखी भेग जाते, एक छिद्र पडतं आणि पुढं कित्येक तास काहीच घडत नाही. घरातला धीर इथं सुटतो. कुणीतरी म्हणतं, सोलून काढू. सोलू नये. त्या वेळात पिल्लू अंड्यातला उरलेला बलक नाभीवाटे पोटात ओढून घेत असतं आणि कवचाच्या आतल्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या सुकत असतात. घाई केली तर रक्त येतं आणि पिल्लू जातं. वेळ झाली की ते आतल्या आत गोल फिरत झाकण कापल्यासारखं कवच कापतं आणि मानेचा एक जोर देऊन बाहेर येतं. ओलं, चिपचिपीत, मान टाकलेलं ते पिल्लू पाहून हे जगणार नाही असंच वाटतं. दोन-तीन तासांत ते सुकतं, फुलतं आणि पायावर उभं राहतं. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस सहज काढतं, म्हणून पहिल्या दिवशी दाण्याची घाई नको. कोंबडी टोपलीतून उठेपर्यंत थांबावं.

आई असलेल्या पिल्लांना माणसानं फार करावं लागत नाही. दाणा, पाणी आणि निवारा पुरतो. हॅचरीतून आणलेल्या पिल्लांची आई मात्र आपल्याला व्हावं लागतं. पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं दीड फूट उंच गोल कुंपण, खाली दोन-तीन इंच तूस, त्यावर पहिले दोन-तीन दिवस वर्तमानपत्र आणि वर टांगलेला बल्ब. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीपाशी 35 अंश सेल्सिअस ऊब लागते आणि पुढं दर आठवड्याला ती सुमारे तीन अंशांनी कमी करायची असते. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून ओरडत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. कुंपणाच्या कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर बल्ब खूप खाली आहे. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर दुसऱ्या बाजूनं वाऱ्याचा झोत येतो आहे. सगळीकडं सारखी पसरून काही खात, काही पेंगत असतील तर ठीक आहे. हे पाहायला रात्री दोनदा उठावं लागतं. पहिल्या आठवड्यात मेलेल्या पिल्लांपैकी बहुतेक थंडीनं, पाण्यात भिजून किंवा एकमेकांखाली दबून मरतात. या तिन्ही गोष्टी वेळेवर पाहिल्या तर टळतात. पिल्लू जगवायला सर्वांत जास्त लागतं ते माणसाचं लक्ष, आणि या पुस्तकाचा अर्धा भाग लक्ष कुठं द्यायचं हे सांगण्यात गेला आहे.

पाण्याचंही तसंच. नवं पिल्लू पाणी ओळखत नाही. एकेकाला हातात धरून चोचीचं टोक उथळ भांड्यात बुडवायचं. ते मान वर करतं, घोट गिळतं आणि मग स्वतःहून खाली वाकतं. दोन-तीन पिल्लांना शिकवलं की बाकीची पाहून शिकतात. भांड्यात स्वच्छ गोटे टाकावेत म्हणजे कुणी बुडत नाही.

खाण्याबाबत आमच्या तालुक्यापुरत्या दोन सूचना फार महत्त्वाच्या आहेत, कारण इथं घरोघरी कापूस आणि सोयाबीन असतं. सरकीची ढेप गाईला चालते, म्हणून पिल्लांनाही घालावी असं वाटतं. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. त्यानं पिल्लांची वाढ खुंटते, कोंबड्यांच्या अंड्यातला बलकही बिघडतो. कच्चं सोयाबीनही देऊ नये. त्यातल्या काही घटकांमुळं प्रथिनं पचत नाहीत; चांगलं भाजून भरडलं तर ते उत्तम खाद्य होतं. बुरशी धरलेला मका किंवा शेंगदाण्याची ढेप कितीही स्वस्त मिळाली तरी घरात आणू नये. ज्वारीची भरड, तांदळाची कनकी, भाजल्या सोयाबीनचा चुरा, शेवग्याचा पाला आणि वावरातले किडे एवढ्यात दहा-बारा पिल्लं नीट वाढतात. मडक्यात ओलं गवत आणि शेण भरून ते संध्याकाळी वाळवीच्या जागी पालथं घातलं की सकाळी ते वाळवीनं भरलेलं सापडतं. ते पिल्लांपुढं झटकलं की कोंबडी एक विशिष्ट टकटक आवाज काढते, दाणा उचलते, टाकते, पुन्हा उचलते, आणि सगळी पिल्लं तिच्या चोचीखाली धावत येतात. काय खायचं हे ती त्यांना शिकवत असते.

या सगळ्यात माणसांचं घर कुठं आहे? फाल्गुन-चैत्र हा लहान शेतकऱ्याच्या घरातला फार गजबजलेला काळ. हरभरा-गहू काढायचा, तुरीची दाळ करायची, होळीसाठी शेणाच्या चाकोल्या थापायच्या, दहावी-बारावीच्या पोरांच्या परीक्षा, लग्नसराईची बोलणी. त्यातच पिल्लं. कामाची वाटणी कुणी ठरवलेली नसते, ती आपोआप पडते. आजी उन्हात बसून घारीवर नजर ठेवते. माय दोन वेळा दाणा टाकते, खुराडं झाडते. बाबा कंपनीतून आला की दाराची कडी, जाळीचं भोक पाहतो, कारण मुंगूस आणि मांजर तेच शोधत येतात. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते, दुपारी घरी आलेल्या पोराच्या कानावर दप्तर टेकवायच्या आधी पहिला प्रश्न पडतो, "पिल्लायले पाणी देल्लं का रे?" भर उन्हाच्या वेळी भांडं रिकामं असणं म्हणजे काय, हे त्या पोराला एकदा कळलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

मुलांविषयी थोडं अधिक लिहिलं आहे. मुलं पिल्लांना नावं देतात, एखादं अंगाखांद्यावर खेळवतात, आणि आखाडात त्यातलाच नर विकला किंवा कापला जातो. काही घरांत तेव्हा खोटं सांगतात की तो उडून गेला. माझं मत असं की मुलांना खरं सांगावं. आपण कोंबड्या कशासाठी पाळतो, त्यांना काय देतो आणि त्यांच्याकडून काय घेतो, हे आठ-दहा वर्षांच्या पोराला समजतं. ते रडेल, एक दिवस जेवणार नाही. ते दुःख त्याच्या वयाला पेलणारं आहे आणि त्याचा मान राखावा. आवडीची एखादी तलंग त्याच्या नावानं ठेवून तिची अंडी त्यालाच मोजू द्यावीत. आठवडी बाजारात आणि जत्रेत गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली पिल्लं विकतात, ती मात्र घेऊ नयेत. ती बहुतेक अंड्यांच्या जातींतली नको असलेली नर पिल्लं असतात. ऊब नाही, लस नाही, वर रंगाचा मारा. चार-आठ दिवसांत ती हातात मरतात आणि जीव म्हणजे एक खेळणं, एवढंच मूल त्यातून शिकतं.

बायांच्या कामाविषयी स्पष्ट बोललं पाहिजे. सातबाऱ्यावर पिकांची नोंद होते, कोंबड्यांची होत नाही. पहाटे खुराडं उघडणारी, रात्री दोनदा उठून बल्ब पाहणारी बाई विचारलं तर म्हणते, "मी काही करत नाही, घरीच असतो." पण बचत गटाचा हप्ता, पोरीची फी, दवाखान्यात जायचं भाडं या पैशातून निघतं आणि तो पैसा कुणाला न विचारता तिच्या हातून खर्च होतो. म्हणून पुस्तकाच्या शेवटी हिशेबाची कोरी पानं जोडली आहेत. किती अंडी बसवली, किती फुटली, किती पिल्लं आठ आठवड्यांची झाली, किती विकली, घरात किती खाल्ली, हे तिथं लिहावं. घरात खाल्लेलं अंडंही उत्पन्नात धरावं. वर्षअखेरीस ती बेरीज घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावी.

आता शत्रूंकडं वळते. घार, शिक्रा, कावळा, मुंगूस, मांजर, धामण हे नेहमीचे. आई सोबत असेल तर आकाशातून येणाऱ्या शत्रूसाठी तिची हाक वेगळी असते आणि जमिनीवरच्यासाठी वेगळी. पहिल्या हाकेवर पिल्लं जागच्या जागी दबतात किंवा आडोशाला पळतात. म्हणून अंगणात एखादी खाट, तुराट्यांचा भारा, खाली फांद्या असलेलं झुडूप हवं. फाल्गुनातली गारपीट हा दुसरा शत्रू. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी विदर्भ-मराठवाड्याची रब्बी पिकं झोडपली, ते शेतकऱ्यांना आठवतं. अशा संध्याकाळी तापमान झपकन उतरतं आणि भिजलेलं पिल्लू अर्ध्या तासात गारठतं. तिसरा शत्रू ऊन. नागपुरात 23 मे 2013 ला 47.9 अंशांची नोंद झाली आहे. अशा दिवसांत खुराड्यावर तुराट्या आणि ओलं पोतं, झाडाची सावली आणि दिवसातून तीनदा थंड पाणी हाच इलाज.

पण या सगळ्यांनी मिळून जेवढी पिल्लं जात नाहीत तेवढी एका रोगानं जातात. शास्त्रीय पुस्तकांत तो राणीखेत म्हणून येतो. भारतात 1928 मध्ये कुमाऊंमधल्या राणीखेतजवळ तो प्रथम ओळखला गेला म्हणून हे नाव. गावात त्याला मानमोडी म्हणतात. हिरवी हगवण, धाप, लुळा पाय, मुरडलेली मान. आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं. त्यावर औषध नाही, लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात आरटूबी लसीचं इंजेक्शन. सणांच्या हिशेबात सांगायचं तर पहिला थेंब होळीच्या आधी, दुसरा पाडव्याच्या आधी, इंजेक्शन अक्षय तृतीयेच्या आधी. कोंबड्यांच्या देवीची लसही पाडवा आणि अक्षय तृतीयेच्या मध्ये देऊन घ्यावी. हॅचरीतून आणलेल्या पिल्लांना चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लसही लागते.

लस महाग नाही. अडचण निराळीच आहे, आणि हे पुस्तक लिहिण्याचं मुख्य कारण तीच आहे. लासोटाची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते. ती बर्फात आणावी लागते, आणि एकदा द्रावण कालवलं की दोन तासांच्या आत संपवावी लागते. दहा पिल्लांच्या घरानं ती आणायची कशी? नव्वद मात्रा फेकायच्या? म्हणून कुणीच आणत नाही, आणि दर उन्हाळ्यात एका घरातून निघालेली मानमोडी चार दिवसांत गाव झाडून नेते. यातून सुटका एकट्या घराला करता येत नाही, गल्लीला करता येते. दहा घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवल्या तर दहा घरांची पिल्लं एकाच आठवड्यात निघतात, एकाच दिवशी लसीला येतात आणि एक कुपी पुरते. जुन्या बायांचा वसंत पंचमीचा रिवाज इथं पुन्हा उपयोगी पडतो. तेव्हा लस नव्हती. आज आहे, आणि तिच्यासाठी सगळ्या गावाची पिल्लं एका वयाची असणं फार सोयीचं आहे.

बर्ड फ्लूविषयीचं प्रकरण लहान आहे, पण ते कुणी वगळू नये. देशात तो पहिल्यांदा फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला निघाला. मार्च 2024 मध्ये तो नागपुरातल्या सरकारी अंडी उबवणी केंद्रात आढळला आणि तिथले हजारो पक्षी नष्ट करावे लागले. म्हणजे हा धोका आपल्या दारापर्यंत येऊन गेलेला आहे. एकाएकी अनेक पक्षी मेले तर ते नाल्यात टाकू नयेत, कापू नयेत, विकू नयेत. मुलांना दूर ठेवावं आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवावं. लपवल्यानं नुकसान वाढतं आणि ते शेजाऱ्याच्या घरात जातं.

जातींच्या प्रकरणात गावठीसोबत हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळुरूची गिरिराज, झाबुआचा कडकनाथ यांची माहिती आहे. सुधारित जात अंडी जास्त देते. गावठी वर्षाला पन्नास-साठच देते, पण स्वतः बसते, स्वतः उबवते आणि पिल्लांसाठी घारीच्या अंगावर जाते. घरी दोन्ही असाव्यात, सुधारित तलंगा अंड्यांसाठी आणि गावठी कोंबडी आईपणासाठी, असं माझं मत मी कारणांसह मांडलं आहे. सरकारी योजनांपैकी 25 माद्या आणि 3 नर यांचा तलंगा गट आणि शंभर एकदिवसीय पिल्लांचा गट या दोन सामान्य घराला उपयोगी आहेत. अर्ज करण्याआधी निवारा तयार ठेवावा. पिल्लं आल्यावर खुराडं बांधायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात नुकसान होतं. नागपुरात 1958 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि 2000 पासून महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही इथंच आहे. हिंगण्याच्या शेतकऱ्याला ज्ञान इतकं जवळ क्वचितच दुसऱ्या कुठल्या बाबतीत मिळतं. त्याचा उपयोग करावा.

पुस्तक सलग वाचायची गरज नाही. कोंबडी बसवायच्या आधी पहिली दोन प्रकरणं, पिल्लं निघाल्यावर तिसरं आणि चौथं, आजाराचं प्रकरण मात्र आजार येण्याच्या आधी वाचावं. वाचता न येणाऱ्या आजीला ते नातवानं वाचून दाखवावं आणि तिचं काही वेगळं म्हणणं असेल तर समासात लिहून ठेवावं. यातलं पुष्कळसं ज्ञान अशाच आज्यांकडून, कान्होलीबाऱ्याकडच्या बायांकडून आणि पशुवैद्यकांकडून आलं आहे. त्या सर्वांचे आभार मानते.

वाचकांना एकच विनंती आहे. येत्या वसंत पंचमीच्या आधी शेजारच्या नऊ घरांत जा. कोणाकडं खुडूक कोंबडी आहे ते विचारा आणि बसवायचा आठवडा ठरवा. लस आणायला कोण जाईल, बर्फाचा डबा कोण देईल, थेंब कोण टाकेल, ही तीन नावं लिहून ठेवा. एवढं केलंत तर अक्षय तृतीयेला तुमच्या गल्लीत पिल्लं दिसतील. आणि तेवढं झालं तर हे पुस्तक लिहिल्याचं सार्थक झालं असं मी समजेन.

हिंगणा, जिल्हा नागपूर